जुनी बीटल तीन सिलिंडरवर चालू लागली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाबद्दल आहे. मागे बसवलेलं, चार आडव्या सिलिंडरचं, रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या पंख्याच्या हवेवर थंड होणारं. माझ्याकडे १९६६ची १३०० आहे, वडिलांकडून आलेली. तिचा एक सिलिंडर मी गमावला आहे आणि पुन्हा उभाही केला आहे. तेव्हापासून ओळखीचे, अनोळखी बीटलवाले मला फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

गाडी तीनवर चालतेय हे ओळखायचं कसं?

आधी कानाने. एक सिलिंडर काम करेनासा झाला की आयडलिंगला ठरावीक अंतराने एक ठोका चुकतो आणि गाडीचं मागचं अंग हलतं. मग ओढ पाहा. नेहमी चौथ्या गिअरवर सहज चढणाऱ्या रस्त्याला तिसरा टाकावा लागला तर काहीतरी गेलेलं आहे.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ती एकसारखी बाहेर फडफडायला हवी. मध्येच नळीकडे ओढली जात असेल तर बहुतेक एक्झॉस्ट व्हॉल्व (जळलेला धूर बाहेर सोडणारा) नीट बसत नाही.

फक्त आयडलिंगलाच मिस होत असेल आणि रेस दिल्यावर इंजिन सुरळीत चालत असेल, तर सिलिंडरला दोष देण्याआधी कार्बोरेटरचा आयडल जेट आणि मॅनिफोल्डची (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीची) गळती तपासा. एकाच बाजूचे दोन्ही सिलिंडर एकदम अशक्त वाटत असतील तरी आधी मॅनिफोल्डच पाहायचा.

कोणता सिलिंडर गेलाय हे घरी कळेल का?

कळेल. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवून (अर्थ करून) ठेवा, इंजिन चालू करून आवाज ऐका. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. चालू इंजिनावर उघड्या हाताने वायरी ओढू नका. झटका बसतोच, आणि हात मागे घेताना पंख्याच्या पट्ट्यात जाऊ शकतो.

नंबर असे मोजा. गाडीच्या मागे इंजिनाकडे तोंड करून उभे राहा. उजवीकडचा लांबचा एक नंबर, जवळचा दोन नंबर. डावीकडचा लांबचा तीन, जवळचा चार. स्पार्कचा क्रम १-४-३-२. नवखे मेकॅनिक बहुतेक गाड्यांसारखा १-३-४-२ लावतात आणि मग दिवसभर कार्बोरेटर खोलत बसतात, म्हणून वायरी काढण्याआधी त्यांना चिकटपट्टी लावून नंबर टाका.

मेलेला सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करून पाहा. दोष प्लगबरोबर सरकला तर शंभर-दोनशे रुपयांत सुटलात. वायर आणि डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागाची) टोपी यांचंही तसंच. हे सगळं झाल्याशिवाय कुणालाही हेड (सिलिंडरच्या तोंडावरचा, व्हॉल्व असलेला भाग) खोलू देऊ नका.

सारखा तीन नंबरच का जातो?

बीटलमध्ये ऑइलही हवेनेच थंड होतं. १९७०पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या खोक्यातच, डाव्या बाजूला उभा असतो. पंख्याची हवा आधी त्या तापलेल्या कूलरमधून जाते आणि मग त्याच्या खालच्या सिलिंडरला मिळते. तो सिलिंडर म्हणजे तीन नंबर. बाकी तिघांना ताजी हवा, याला आधीच गरम झालेली आणि तीही अडलेली. १९७१च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर त्या खोक्याच्या बाहेर हलवला, त्याला स्वतंत्र वाट दिली आणि पंखाही रुंद केला. काही मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये तर तीन नंबरचा स्पार्क मुद्दाम थोडा उशिरा पडेल असा कॅम असतो, तोही याच उष्णतेमुळे.

म्हणजे बनवणाऱ्यांनाही हे दुखणं माहीत होतं. आपण एप्रिलच्या चाळीस अंशांत गाडी काढतो तेव्हा आपणही ते लक्षात ठेवायला हवं.

टॅपेट अजिबात वाजत नाहीत. म्हणजे इंजिन उत्तम ना?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा देतो आणि दर वेळी पोटतिडकीने देतो. नाही. या इंजिनात टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व दाबून उघडणाऱ्या दांडीची, हलकी टिकटिक हवीच. एखादं टॅपेट आपोआप गप्प झालं, तर घाबरायचं.

कारण असं. बहुतेक १३००, १५०० आणि १६०० इंजिनांत थंड असताना टॅपेटचा गॅप, म्हणजे ती दांडी आणि व्हॉल्व यांतली फट, ०.१५ मि.मी. ठेवतात. (काही जुन्या १२०० इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, आपल्या गाडीची पुस्तिका पाहा.) एक्झॉस्ट व्हॉल्व जास्त तापला की त्याचा दांडा ताणून लांब होऊ लागतो, किंवा व्हॉल्व सीटमध्ये आत रुतत जातो. दोन्हींत गॅप कमी होतो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व पूर्ण बसत नाही. व्हॉल्व स्वतःची उष्णता सीटमधून हेडला देतो. बसलाच नाही तर ती उष्णता जाणार कुठे? तो आणखी तापतो, आणखी ताणतो. शेवटी दांड्यापासून व्हॉल्वचं डोकं तुटतं आणि सिलिंडरच्या आत पडतं.

माझ्या गाडीत तेच झालं. मी दर अडीच हजार किलोमीटरला टॅपेट सेट करून घ्यायचो. एकदा तीन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) ०.१५चं पान गेलं नाही. ०.१०चंही गेलं नाही. गॅरेजमध्ये गॅप पुन्हा ०.१५ केला, झाकण लावलं, "सेट केलंय, जा" म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी तेच टॅपेट पुन्हा बंद. तिसऱ्या वेळीही तेच. तिन्ही वेळा ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, की बाकी सात जागच्या जागी असताना हे एकच पुन्हापुन्हा का मिटतंय?

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलो, हेळवाक मागे पडलं, रस्ता सपाट झाला आणि मागून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला. दोन-तीन सेकंद. मी क्लच दाबून किल्ली फिरवली, पण तेवढ्यात पिस्टनच्या माथ्याला भोक पडून धातूचे कण ऑइलमध्ये गेले होते. कराडपर्यंत टोचन लावून आलो. इंजिन खोललं तेव्हा व्हॉल्वचं डोकं एक रुपयाच्या नाण्यासारखं वाकडं होऊन पिस्टनमध्ये रुतलेलं निघालं. ते मी जपून ठेवलं आहे. गाडी घेऊन कुणी आलं की आधी ते त्यांच्या हातात देतो.

म्हणून नियम असा धरा: एकच टॅपेट लागोपाठ दोनदा मिटलेलं सापडलं तर तिसऱ्यांदा सेट करायचं नाही. हेड उतरवून व्हॉल्व बदलायचा. तो खर्च हजारांत असतो. न बदलण्याचा खर्च म्हणजे पूर्ण इंजिन.

टॅपेट स्वतः तपासता येतात का?

येतात, आणि प्रत्येकाने शिकावं. गाडी रात्रभर उभी असायला हवी. "तासभर बंद होती" हे चालणार नाही. मागचं चाक काढलंत तर जागा ऐसपैस मिळते, पण गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली जायचं नाही. झाकण तारेच्या कडीने धरलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने कडी खाली दाबली की झाकण हातात येतं, थोडं ऑइल सांडतं, खाली जुनं वर्तमानपत्र टाका.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. रोटरचं टोक काठावरच्या खाचेसमोर आणि पुलीवरची खूण इंजिनाच्या मधल्या जोडासमोर आली की एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व बंद असतात. ते तपासून झाले की पुली घड्याळाच्या उलट्या दिशेने अर्धा फेरा फिरवा, दोन नंबर. आणखी अर्धा, तीन. मग चार. उलट फिरवल्यामुळे क्रम सरळ १-२-३-४ येतो, डोकं चालवावं लागत नाही. प्रत्येक हेडवर टोकाचे दोन एक्झॉस्ट आणि मधले दोन इनलेट. म्हणजे डाव्या बाजूचं, गाडीच्या तोंडाकडचं सगळ्यात पुढचं टॅपेट हे आपलं तीन नंबरचं एक्झॉस्ट.

आणि आकडा लिहून ठेवा. सेट केल्यानंतरचा नाही, सेट करण्याआधी सापडलेला.

कॉम्प्रेशन किती असावं?

इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडवलेली, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. असं मोजलं तर निरोगी जुन्या बीटलला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, साधारण १०० ते १३० पीएसआय मिळतं. आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त बोलतो. चारही ९५वर असतील तर इंजिन म्हातारं आहे, पण धडधाकट आहे. तीन ११५वर आणि एक ६०वर असेल तर तो एक आजारी आहे.

कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून आकडा वाढला नाही, म्हणजे व्हॉल्वच खराब, असं मेकॅनिक म्हणतो. बरोबर?

उभ्या सिलिंडरच्या गाड्यांत बरोबर. इथे सिलिंडर आडवे आहेत. टाकलेलं ऑइल खालच्या बाजूला साचतं, वरच्या अर्ध्या रिंगेपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे या परीक्षेवर इंजिन खोलण्याचा निर्णय घेऊ नका.

त्यापेक्षा कॉम्प्रेसरची हवा वापरा. त्या सिलिंडरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व बंद असताना टोकाला (टॉपवर) आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून, प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून सूं आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व. कार्बोरेटरमधून आलं तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर रिंगा किंवा पिस्टन. बाहेरच, हेड आणि सिलिंडरच्या जोडातून हवा येत असेल तर हेड सैल झालंय किंवा त्याचे स्टड क्रँककेसमधून उपटून येऊ लागलेत. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्याने हे बरंच घडतं.

सिलिंडर गेलेला असताना गाडी घरापर्यंत चालवत आणता येईल का?

ते काय गेलंय यावर आहे.

धातूवर धातू आपटल्याचा आवाज असेल तर एक मीटरही नाही. क्लच दाबा, किल्ली बंद, गाडी कडेला. पुन्हा "बघू तरी" म्हणून स्टार्टर मारू नका. तुटलेला तुकडा प्रत्येक फेऱ्यात आणखी नुकसान करतो, आणि कधीकधी मॅनिफोल्डमधून शेजारच्या सिलिंडरमध्येही जातो.

स्पार्क नसल्यामुळे सिलिंडर मेला असेल तर तिथेच थांबून दुरुस्त करा. प्लग, वायर, टोपी हे सगळं डिकीत असावं. तसंच रेटलंत तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा कोरड्या घासतात, आणि उरलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळतं. घरी आल्यावर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तरी असाच वास येतो, तोही पाहून घ्या.

व्हॉल्व हळूहळू जळत चाललाय, कॉम्प्रेशन उतरलंय, पण आवाज स्वच्छ आहे, अशा वेळी वीस-तीस किलोमीटर सावकाश आणता येतील. ताशी पन्नासच्या आत, शक्यतो संध्याकाळी, दर दहा किलोमीटरला थांबून ऑइल पाहत. पुण्याहून कोल्हापूरला जायचं असेल तर नाही. दर किलोमीटरला ती सीट आणखी कोरली जाते. आज ग्राइंडिंगवर भागेल ते उद्या नव्या हेडवर जाईल.

घाटात कशी चालवायची?

पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन सावकाश तर पंखा सावकाश, हवा कमी. म्हणून वरच्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबून, इंजिनाला कण्हायला लावत चढणं हे या इंजिनाला सगळ्यात घातक. वेळेत खालचा गिअर टाका, इंजिन मोकळं फिरू द्या, एक्सलरेटर अर्धाच ठेवा. पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या चालवून आलेल्यांना तो आवाज जास्त वाटतो. त्या आवाजातच थंडावा आहे.

वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर हवा फिरू द्या. लाल जनरेटरचा दिवा लागला तर पट्टा तुटला असं समजून ताबडतोब थांबा. इथे पट्टा तुटणं म्हणजे बॅटरी चार्ज न होणं एवढंच नाही, पंखाच बंद. जादा पट्टा आणि पान्हा गाडीत नसेल तर घाटात जाऊ नये.

तापलेल्या इंजिनावर पाणी मारू का?

कधीच नाही. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड तडकतं. मागचं झाकण उघडा आणि अर्धा तास सावलीत थांबा.

फटफट असा मोठा आवाज आला, एक सिलिंडर बंद, पण बाकी काही नाही. काय झालं असेल?

बहुतेक प्लग उडाला. हेडचे आटे ॲल्युमिनियमचे, प्लग लोखंडी. तीन नंबरचा प्लग हाताला पोचत नाही, म्हणून कुणीतरी तो कधीतरी आडवा घुसवलेला असतो. हेडमध्ये हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून हे नीट दुरुस्त होतं. पुढच्या वेळी प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि त्यानेच पहिले पाच-सहा आटे फिरवा. आडवा जात असेल तर नळी घसरते, आटे वाचतात. प्लग नेहमी थंड इंजिनावरच काढा-घाला.

उन्हाळा आहे म्हणून थर्मोस्टॅट आणि काही पत्रे काढून टाकले तर?

पत्रे काढू नका, हात जोडून सांगतो. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचं रबर म्हणजे या गाडीचं रेडिएटर आहे. ते वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवतात. एक पत्रा नसला की पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा ओढतो. मी जितक्या तापणाऱ्या बीटल पाहिल्या, त्यांतल्या निम्म्यांत डाव्या बाजूचा पत्रा किंवा मागचं रबर गायब होतं. थर्मोस्टॅट नसेल तर आपल्याकडे चालेल, पण आतल्या झडपा पूर्ण उघड्या राहतात याची खात्री करा. झडपाच उपटून टाकल्या तर हवेची वाटणी बिघडते.

हल्लीच्या पेट्रोलचा काही संबंध?

आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या जेटचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. मेन जेट एक पायरी मोठा घालून प्लगचा रंग पाहा, फिकट पांढरा नको, विटकरी हवा. जुन्या रबरी पेट्रोलच्या नळ्या मात्र आजच बदला. त्या मऊ पडतात, गळतात आणि बीटल पेट घेण्याचं ते मोठं कारण आहे.

एकच सिलिंडर बदलता येतो का, आणि सुटे भाग मिळतात का?

प्रत्येक सिलिंडर सुटा असल्याने बसवायला एकटा बसतो. पण एका हेडखाली दोन असतात आणि पिस्टनची वजनं जुळावी लागतात, म्हणून चारांचा संच घेणं शहाणपणाचं. व्हॉल्व तुटला असेल तर पूर्ण इंजिन खोलून क्रँककेस धुतल्याशिवाय नवा संच घालू नका. धातूचा चुरा बेअरिंगांत बसलेला असतो.

भाग मिळतात. बीटलची साधी, पक्क्या छपराची गाडी जर्मनीत १९७८ला थांबली, पण मेक्सिकोत ३० जुलै २००३पर्यंत बनत होती, एकूण २,१५,२९,४६४. एवढ्या गाड्यांमागे अजून सामान बनतं. इंजिन चार बोल्टवर लटकलेलं असतं, शंभर किलोच्या आसपास. चांगला जॅक आणि दोन माणसं असतील तर तासा-दीड तासात खाली येतं.

गळणाऱ्या एक्झॉस्टसकट गाडी चालवली तर फक्त आवाजच येईल ना?

गाडीला मूळ हीटर असेल तर तो एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीचीच हवा आत देतो. तिथे गळती असली तर कार्बन मोनॉक्साइड थेट मुलांच्या सीटखाली येतो. त्याला वास नसतो. गळती निघेपर्यंत हीटर बंद आणि काचा उघड्या.

हेड नवं बसवलं. आता पुढे काय?

पहिल्या ५०० किलोमीटरला ऑइल बदला आणि टॅपेट तपासा, मग १५००ला पुन्हा. या इंजिनात अडीच लिटर ऑइल असतं आणि कागदाचा फिल्टर नाही, खाली फक्त तारेची जाळी. ऑइल काढताना ती जाळी उन्हात धरून पाहा. काळा गाळ चालेल, चमचमणारे कण नकोत.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. तारीख, किलोमीटर आणि आठ टॅपेटांचे आठ रकाने. घाटातल्या त्या दिवसाआधीच्या तीन ओळींत तीन नंबरच्या एक्झॉस्टसमोर काहीच लिहिलेलं नाही, कारण तेव्हा वहीच नव्हती. त्या ओळी मी नंतर आठवून रिकाम्या सोडल्या. नव्या हेडनंतरच्या सहा नोंदी त्यांच्या खाली आहेत: ०.१५, ०.१५, ०.१४, ०.१५, ०.१५, ०.१५.